उताराला पेट्रोल कशाला?

गाडीच्या बाबतीत तुम्ही विश्वास कोणावर ठेवता हो? जो चालवतो त्याच्यावर, जो दुरुस्त करतो त्याच्यावर, जो शिकवतो त्याच्यावर, की जो स्पेअर पार्ट विकतो त्याच्यावर?

उत्तराची घाई नको. मी पार्ट विकतो, तेव्हा मला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच नको. रत्नागिरीत माझं ऑटो पार्ट्सचं दुकान आहे. शाळेशी माझं फारसं जमलं नाही. गाडीबद्दल जे काही कळलं ते दोघांकडून: गिऱ्हाइकाकडून आणि त्याने आणलेल्या तुटक्या पार्टाकडून. दोघांचं म्हणणं जुळत नसेल तर मी पार्टाचं ऐकतो.

दुकानाच्या मागच्या खोलीत झिजलेले ब्रेक लायनर साठतात. महिन्या-दोन महिन्यांनी भंगारवाला येतो, पोत्यात भरून घेऊन जातो. त्या लायनरांबरोबर जे किस्से येतात ते मात्र कोणी नेत नाही. ते आपले साठतच राहतात. आणि त्यातले निम्मेशिम्मे एकाच विषयावरचे: उतार लागला की गाडी न्यूट्रल करावी का?

आमच्या कोकणात हा प्रश्न साधा नाही. इथे सपाट रस्ता म्हणजे दोन चढांच्या मधली विश्रांती! उतरणं रोजचंच. त्यामुळे दुकानासमोरच्या बाकावर चहा प्यायला जमणाऱ्या प्रत्येकाचं या विषयावर ठाम मत आहे. त्यात सगळ्यात ठाम मत दत्ताभाऊंचं.

* * *

दत्ताभाऊ म्हणजे जुन्या पिढीतले वडाप जीपवाले, माणसं भरून गावोगाव फेऱ्या मारणारे. संगमेश्वरच्या आतल्या बाजूला गाव, आता राहायला रत्नागिरीला लागून नाचणे गावात. रंगाने जांभ्या दगडासारखे, मिशी पांढरी, हात मात्र एखाद्या तबलजीसारखे हलके. जीप चालवायचे तेव्हा माणसं, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, नवरदेव, सगळं वाहून झालं. आणि उतार दिसला की हात आपोआप गियरवर. टक्! न्यूट्रल.

मी एकदा विचारलं, "भाऊ, हे कशाला?"

"शेठ, चढ हाय तो आपल्या पेट्रोलचा. उतार देवान दिलेला हाय. देवान दिलेल्याला पेट्रोल कशाला पाजायचा?"

बोला आता!

पण नुसतं तत्त्वज्ञान नव्हतं हो, त्यामागे कला होती. आंबा घाट उतरला की साखरप्याच्या अलीकडे एक चहाची टपरी होती. जीप न्यूट्रलमध्येच, भाऊ घाटाच्या शेवटच्या वळणाला ब्रेकवरून पाय काढायचे. मग रस्ता किती उतरतो, कुठे किंचित वर येतो, पाठीमागे माणसं किती, वारा कुठला, हे सगळं त्यांच्या पार्श्वभागाला कळायचं! जीप हळूहळू मंदावत यायची आणि ब्रेकला पाय न लावता बरोबर टपरीच्या बाकासमोर थांबायची. दार उघडलं की पाय बाकाशी.

एकदा टपरीवाला ओरडला, "भाऊ, जरा पुढे घ्या, मागं दुधाचा टेम्पो लागायचा हाय!"

भाऊ जागेवरून हलले नाहीत. "पुढं घ्यायचा तर चावी फिरवायला लागेल. त्यापेक्षा तू चहा इकडं आण!"

* * *

त्याच घाटात एक पिवळा बोर्ड होता. 'उतारावर वाहन न्यूट्रल करू नये.' भाऊंचं इंजिन तापलं की ते जीप नेमकी त्या बोर्डाच्या सावलीत लावायचे आणि बोर्डाच्या खांबाला टॉवेल वाळत घालायचे.

कुणीतरी म्हटलंच, "भाऊ, वाचलंत का काय लिहिलंय?"

"वाचला की! ज्याला येत नाय त्याच्यासाठी हाय."

* * *

आता मला सांगा, अशा माणसाचा राग कसा येणार? त्यात तो माणूस देणारा. एकदा ऐन लग्नसराईत पंपांवर माल संपला. सगळीकडे पाट्या: पेट्रोल नाही, डिझेल नाही. आणि भाऊंच्या जीपमध्ये नवरी! लग्न खाली समुद्राकाठी मांडवीला, नवरीचं गाव वर डोंगरात.

भाऊंनी टाकीत काठी घालून पाहिली आणि वऱ्हाडाला सांगितलं, "चढाला सगळ्यांनी उतरायचा आणि ढकलायचा. उतारावर सगळ्यांनी बसायचा आणि देवाचा नाव घ्यायचा. कबूल?"

कबूल नाही म्हणून सांगतात कोणाला! चढ आला की काका, मामा, वाजंत्रीवाले, झाडून सगळे जीपच्या मागे. उतार आला की सगळे आत. नवरी आत बसून कंटाळली तेव्हा शालूचा पदर खोचून तीही शेवटच्या चढाला उतरली. मांडवात पोचले तेव्हा अंतरपाट धरून भटजी घामाघूम आणि नवरदेव त्याहून!

सासूबाईंनी विचारलं, "हिच्या हाताला काळं काय लागलंय?"

नवरी म्हणाली, "तुमच्याकडे यायला मीच गाडी ढकलली. उद्या 'हिला आम्ही आणली' असं कोणी म्हणायचं नाही!"

भाड्याची गोष्ट निघाली तेव्हा भाऊंनी हात जोडले. म्हणाले, "चढाला तुम्ही ढकलीत आणलात. उताराचे मी कोणाकडून घ्यायचे?"

* * *

आता दुसरी बाजू. मी व्यापारी माणूस, दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

भाऊ पेट्रोलची बचत करायचे खरे, पण घाटात जीप न्यूट्रलला सोडली की तिला आवरणार कोण? ब्रेक! इंजिन धरून ठेवायला नाही, सगळा भार ब्रेकवर. टपरीसमोर ती जीप आपोआप थांबायची हे खरं, पण त्याआधीच्या सगळ्या वळणांवर भाऊंचा पाय ब्रेकवरच असायचा. हे टपरीवरच्या लोकांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. कारण भाऊ लायनर न्यायला सारखे माझ्या दुकानात!

शेवटी न राहवून मी बोललो, "भाऊ, स्वतःचं गिऱ्हाईक तोडतोय, पण सांगतो. पंपावर जे वाचवता ते माझ्या दुकानात आणून देता."

भाऊ मनापासून हसले. "मग काय बिघडला? तुम्ही घरचे. पंपवाला आपला कोण?"

माझं अर्धं दुकान न्यूट्रलवर चालतं ते असं!

* * *

आमचे हुसेनभाई गॅरेजवाले मात्र हसत नाहीत. त्यांचं गॅरेज माझ्या दुकानाला लागून. माणूस देखणा, पांढराशुभ्र सदरा घालून ग्रीसमध्ये काम करणार आणि सदऱ्याला डाग नाही!

एका गणपतीत मुंबईहून एक तरुण चाकरमानी नवीकोरी गाडी घेऊन आला. गाडी गॅरेजसमोर थांबली आणि जळक्या रबराचा असा वास सुटला की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. पुढच्या चाकातून धूर.

हुसेनभाईंनी लांबूनच हात धरला चाकासमोर. "घाट उतरून आलास?"

"हो काका. आंबा घाट. कोल्हापूरला महालक्ष्मीला जाऊन आलो."

"न्यूट्रलवर?"

"मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. मायलेज वाढतं म्हणाले."

हुसेनभाई आत वळून त्यांच्या बेगमला ओरडले, "गो, घावण्याचा पीठ भिजवलंस का? इकडं आण, तवा तापलेला हाय!"

तो पोरगा घाबरला होता, त्याला हसू येईना. म्हणाला, "शेवटी शेवटी पेडल खाली खाली जात होतं."

तेव्हा मात्र हुसेनभाईंचा आवाज बदलला. "ब्रेक ऑइल उकळला की पेडल खाली जातो. अजून दोन वळणा असती तर तू माझ्याकडं आला नसतास. कोणीतरी तुला घेऊन आला असता."

बोलले ते इतकंच. गाडी थंड होईपर्यंत त्याला हात लावू दिला नाही, आणि त्या पोराला बसवून खरंच घावणे खाऊ घातले. नारळाच्या रसाबरोबर.

* * *

त्याच्याही पुढे गेलेला एक जण होता. त्याचं म्हणणं, न्यूट्रल करून इंजिन चालू ठेवायचं म्हणजे अर्धवट बचत. पठ्ठ्याने उतारावर चावीच बंद केली!

आता इंजिन बंद पडलं की ब्रेकला जी मदत मिळते ती एक-दोन दाबांतच संपते. मग पेडल म्हणजे दगड. स्टेअरिंगही जड. याने एकदा दाबलं, लागलं. दोनदा दाबलं, लागलं. तिसऱ्यांदा उभा राहून दाबलं तरी काही नाही. नशीब चांगलं, रस्त्याकडेला एका आजींच्या आवाराचा गडगा होता. रचलेल्या दगडांची ती भिंत गाडीने अर्धी पाडली आणि गाडी तिथे बसली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

तो उतरून आजींना समजवायला लागला, "आजी, ब्रेक फेल झाले हो! मी फक्त पेट्रोल वाचवत होतो."

आजी म्हणाल्या, "वाचलेल्या पेट्रोलचा तुला काय करायचा ता कर. आधी माझा गडगा उभा कर!"

आणि उभा करून घेतला. मी त्या वाटेने गेलो तेव्हा हे साहेब पँट दुमडून दगडावर दगड रचत होते आणि आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "तो चपटा खाली घाल. नाय, तो नाय. उताराच्या बाजूला मोठा घाल, नायतर पुन्हा कोणी येईल तुझ्यासारखा!"

* * *

आता शुभांगी मॅडमांची ओळख करून द्यायला हवी. आमच्याच रांगेत वरच्या मजल्यावर त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. फिजिक्स घेऊन शिकलेल्या, आवाज खणखणीत, आणि स्वतःच्या ज्ञानाबद्दल त्यांना अजिबात संकोच नाही. माझ्या दुकानासमोर चुकीची गाडी लावली तर वरून खिडकीतून नाव घेऊन हाक मारतात. अर्ध्या रत्नागिरीला त्यांनी गाडी शिकवलीय आणि उरलेल्या अर्ध्या रत्नागिरीला रस्त्यात थांबवून सुनावलंय.

बाकावर एकदा दत्ताभाऊ आणि मॅडम यांची जुंपली. बँकेतून रिटायर झालेले जोशी साहेब नवीन गाडी घेऊन आले होते. त्या गाडीत समोरच आकडा दिसतो, या घडीला लिटरमागे किती किलोमीटर चाललीय त्याचा. जोशी साहेब म्हणाले, "भांडता कशाला? चला, बघूनच येऊ."

हातखंब्याच्या पुढे निवळीचा उतार. पुढे जोशी साहेब आणि भाऊ, मागे मॅडम आणि मी.

"आधी गियरमध्ये," मॅडमनी हुकूम सोडला. "तिसरा ठेवा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा."

आकडा वर वर जात गेला आणि त्याच्या शेवटाला जाऊन चिकटला. त्याच्या वर मोजायची सोयच नाही!

"आता रस्ता मोकळा आहे तोवर न्यूट्रल."

आकडा धपकन खाली आला.

 भाऊ त्या काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीटर कंपनीचा. कंपनी पेट्रोलवाल्यांची!"

"भाऊ," मॅडम पुढे वाकून म्हणाल्या, "गियरमध्ये असताना चाकं इंजिनाला फिरवतात. इंजिन तेव्हा चाकांकडे पाहुणं गेलेलं असतं. जेवण चाकांकडे, घरची चूल बंद. पेट्रोल येतच नाही आत. तुम्ही न्यूट्रल केलं की पाहुणा घरी परत आला. मग त्याला जगवायला चूल पेटवायलाच हवी!"

भाऊंनी विचारलं, "आणि माझी जुनी जीप?"

इथे मला मॅडमचं कौतुक वाटलं. दुसरं कोणी असतं तर जिंकल्याच्या भरात काहीही ठोकून दिलं असतं. त्या म्हणाल्या, "तिला कार्बोरेटर होता. तिचं इंजिन पाहुणं गेलं तरी घरची चूल जळतच राहायची. तिथे पेट्रोलच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं. आजच्या गाडीतसुद्धा, अगदी हलका लांब उतार असेल, गियरमध्ये गाडी मंदावून पुन्हा पाय द्यावा लागत असेल, तर न्यूट्रल थोडंफार वाचवेल. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

"मग ब्रेकचं काय? अचानक म्हैस आली, गाडी ओढून बाजूला काढायची झाली, तर गियर कुठाय? पेट्रोलच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता भाऊ. ब्रेकच्या बाबतीत तुमचं नशीब बरोबर होतं."

भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, नशीबपण चालवायला यावा लागतो."

यावर मॅडमसुद्धा हसल्या.

* * *

इथवर सगळी मजाच होती. भाऊंनी जीप कधीच विकली होती, वडाप बंद झालं होतं. आता न्यूट्रल फक्त बाकावरच्या गप्पांत उरलं होतं.

पण भाऊंची मुलगी मनाली इंजिनिअर झाली आणि तिला जयगडच्या बंदरात नोकरी लागली. एकुलती एक पोर. भाऊंनी तिला गाडी घेऊन दिली. पेढे वाटले, मलाही दोन जास्तीचे. रोज रत्नागिरी ते जयगड आणि परत. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल: चढ, उतार, आंधळी वळणं, आणि बंदरावरून माल घेऊन येणारे-जाणारे ट्रेलर. ट्रेलर म्हणजे रस्त्यावर चालणारी चाळच!

मनाली गाडी शिकली होती शुभांगी मॅडमांकडे. पण भाऊंचं समाधान होईना. "बाय, मॅडमनी तुला गाडी शिकवली. रस्ता मी शिकवीन."

आणि एका रविवारी दोघं निघाली. पुढचं मला भाऊंनीच सांगितलं. दुसरा कोणी असता तर ही गोष्ट आयुष्यभर पोटात ठेवली असती.

निवळी फाटा सोडून जयगडच्या रस्त्याला लागल्यावर एक वळणावळणाचा उतार आहे. मनाली तिसऱ्या गियरमध्ये, व्यवस्थित. भाऊ शेजारच्या सीटवर. उतार सुरू झाला आणि भाऊंचा उजवा हात उठला. काय करतोय हे त्यांना कळायच्या आत, क्लच न दाबता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने... टक्! न्यूट्रल.

तुमच्या-माझ्या हाताने हे होणार नाही. ती भाऊंच्याच हाताची करामत!

गाडी एकदम हलकी झाली आणि सुटली. मनालीला कळेना काय झालं. वळण आलं, आणि वळणापलीकडे ट्रेलर, हळूहळू उतरणारा. तिने ब्रेक दाबला, क्लच दाबला, मिळेल तो गियर टाकला. इंजिन किंचाळलं. ट्रेलरचा मागचा भाग मोठा होत गेला, त्याने सगळी काच भरली, आणि तिथे गाडी थांबली.

ट्रेलर निघून गेला. त्याच्या ड्रायव्हरला पत्ताही नसेल.

 मनालीने गाडी वळवून सावकाश घरी आणली, दारात लावली, चावी बापाच्या हातात ठेवली. "उद्यापासून मी एसटीने जाईन, बाबा."

"अगो बाय, मी..."

"तुम्ही शेजारी नसलात तरी तुमचा हात तिथे दिसेल मला."

* * *

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आले. बाकावर बसले नाहीत, काउंटरशी उभे. "शेठ, मनालीच्या गाडीला नवीन ब्रेक पॅड द्या."

"भाऊ, गाडी नवी आहे. पॅड कोरे आहेत."

"तरी द्या."

मी दिले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक परत पाठवलं, आणि तेही भाऊंना! म्हटलं, "तुम्हाला जे हवंय ते माझ्याकडे मिळत नाही. वरच्या मजल्यावर मिळतं."

वाटलं, चिडतील. त्यांनी छताकडे पाहिलं. मग चपला झटकल्या आणि जिना चढायला लागले.

वर शिकाऊ मुलामुलींचा वर्ग भरला होता. दारात दत्ताभाऊ! शुभांगी मॅडमना काही ठाऊक नव्हतं, त्यांना वाटलं भांडायला आले. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बोला भाऊ, आज काय?"

"ॲडमिशन हाय का?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

वर्गात हशा. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जीप चालवायला लागलात तेव्हा मी सायकल शिकत होते. तुम्हाला काय शिकवू?"

भाऊ अगदी सरळ म्हणाले, "चालवता येतो मॅडम. उतरायला शिकायचा हाय."

 मॅडमनी मागचं बाक दाखवलं.

आणि कसलीही सवलत दिली नाही हं! "मागच्या बाकावरचे, पाय खाली." "मिशीवाले, प्रश्न मला विचारायचा, शेजारणीला नाही." स्कूलच्या गाडीला मॅडमच्या बाजूनेही ब्रेक असतो. भाऊंना त्या गाडीत बसवून मॅडमनी पुन्हा पुन्हा त्याच उतारांवरून नेलं. "ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरायचं. म्हणा!" आणि भाऊ म्हणायचे, मोठ्याने. हात गियरकडे गेला की मॅडम त्यावर फुटपट्टी मारायच्या. गाडी दुकानासमोरून जायची तेव्हा मी बघत असे. रत्नागिरीतला सगळ्यात हलका हात, आणि त्यावर फुटपट्टी! माझ्या पाहण्यात त्या माणसाने हात कधी मागे घेतला नाही.

शिकवणी संपली तेव्हा भाऊ म्हणाले, "सर्टिफिकेट द्या."

"सर्टिफिकेट कशाला? लायसन्स आहे की तुमच्याकडे."

"लायसन्स आरटीओला दाखवायचा. मला घरी दाखवायचा हाय."

मॅडमनी लेटरहेडवर सही-शिक्का करून दिलं. 'उतारावर वाहन नियंत्रणाचा सराव समाधानकारक.' 'समाधानकारक'च्या पुढे भाऊंना 'अति' हवं होतं. ते काही मॅडमनी दिलं नाही.

* * *

आणि मग तो रविवार.

मनालीने सर्टिफिकेट वाचलं, कपाटात ठेवलं. शनिवारी तिचा मला फोन. "काका, उद्या जयगडपर्यंत जाऊन यायचंय. बाबा पुढे बसणारेत. तुम्ही मागे बसाल?"

"मी कशाला गो? मला गाडी चालवण्यापेक्षा तिचे पार्ट विकता बरे येतात."

"कोणीतरी मागे असलेलं बरं. बाबा तुमचं ऐकतात."

निघालो. निवळी फाटा येईपर्यंत भाऊ बडबडत होते. आंबा यंदा उशिरा, रस्ता कुठे खोदलाय, कोणाची आत्या कुठे राहते. फाटा सोडला आणि बोलणं बंद. मनालीने आरशात माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय म्हणून हलवली ते मलाही ठाऊक नाही.

उतार आला. मनालीने वरच दुसरा गियर टाकला. इंजिन घुमायला लागलं. गाडी अशी चालली, जशी म्हातारी बाई कठड्याला धरून जिना उतरते. पहिलं वळण. दुसरं वळण. मागून एक गाडी आली, हॉर्न वाजवला, वाट मिळताच सुळकन पुढे गेली. तिच्या इंजिनाचा आवाजच नव्हता.

"न्यूट्रलला हाय," भाऊ म्हणाले. नजर समोर.

मग ते वळण आलं. तेच. मी पुढे सरकून दोन्ही सीटच्या मधून पाहिलं. गियरवर फक्त मनालीचा हात होता. भाऊंचा उजवा हात मला दिसेना. थोडा आणखी वाकलो तेव्हा दिसला. भाऊंनी तो स्वतःच्या मांडीखाली घातला होता आणि वर सगळं वजन टाकून बसले होते. मनगटाच्या वरची शीर ताठ झाली होती. कपाळावर घाम. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव. नीट ऐकलं तर, "ज्या गियरमध्ये चढाल... ज्या गियरमध्ये चढाल..."

वळणापलीकडे रस्ता मोकळा होता. कोणी नव्हतं.

खाली सपाटीला एक टपरी आहे. मनालीने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. तिने बापाच्या मांडीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"काय झालं बाबा?"

"काय नाय. हाताला मुंग्या आल्या."

चहा आला. भाऊंनी तो डाव्या हाताने घेतला. उजवा हात मनालीने स्वतःच्या ओंजळीत धरला होता आणि ती तो चोळत होती, टपरीवरचे लोक बघत होते तरी. ग्लास रिकामा झाल्यावर तिने चावी काढली, बोटावर एकदा फिरवली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"उद्या एसटी किती वाजता हाय?" भाऊंनी विचारलं.

"मला काय माहीत!" मनाली म्हणाली.

तुम्हीही हा किस्सा पुढे कोणाला तरी सांगालच. जरूर सांगा. फक्त एक विनंती आहे, हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. भाऊंनी आयुष्यभर झिजवलेले लायनर खर्चाला लिहा, माझी हरकत नाही. त्या जुन्या जीपने खरंच वाचवलेलं पेट्रोल त्यांच्या जमेला धरा. आणि त्या उतारावर मांडीखाली दाबून ठेवलेला हातसुद्धा जमेलाच धरा. तो तेवढा विसरू नका.